मनगटी घड्याळाचे 'विंटेज'पण : वय आणि अस्सलता

मनगटी घड्याळास 'विंटेज' केव्हा म्हणावे, याविषयी संग्राहकांत एकमत नाही. २५ ते ३० वर्षे वय हा रूढ निकष असून १०० वर्षे ओलांडलेली वस्तू 'अँटिक' ठरते. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने 'अॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ घड्याळ विक्रीस आणले व चावीच्या घड्याळांचे वर्चस्व ओसरू लागले. म्हणून काही जाणकार त्या सुमारापर्यंतच्या यांत्रिक घड्याळांनाच खरे विंटेज मानतात. भारतास ही सीमारेषा तितकीशी लागू पडत नाही. एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने बंगळूर येथे १९६१ मध्ये घड्याळनिर्मिती आरंभिली आणि 'जनता'सारखी चावीची घड्याळे क्वार्ट्झच्या आगमनानंतरही कितीतरी वर्षे घडत राहिली.

तथापि वयाहून कठीण प्रश्न अस्सलतेचा आहे. तबकडी, काटे, यंत्र व केस ही सर्व एकाच घड्याळाची, निदान एकाच काळातील असावी लागतात. प्रत्यक्षात जुन्या यंत्रावर नव्याने रंगविलेली तबकडी बसवून घड्याळ 'विंटेज' म्हणून विकले जाते. भडक रंग आणि जाडसर, किंचित तिरपी अक्षरे ही त्याची खूण. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' हे (फारसे भूषणावह नसलेले) नाव दिले आहे. यंत्र खरोखरच जुने असल्याने वयाच्या निकषावर ती उत्तीर्ण होतात. पण जाणकार संग्राहक त्यांऐवजी पिवळट, डागाळलेली मूळ तबकडीच पसंत करतो.