जंतू मारणारा प्रकाश आणि त्याचा हिशेब

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल व्याख्यानातच जगाला सावध केले होते. औषध अपुऱ्या मात्रेत घेतले, तर जंतू मरणार नाहीत. उलट त्या औषधाला न जुमानण्याचे शिक्षणच त्यांना मिळेल, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. तो किती खरा ठरला, हे 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून दिसते. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा तिचा अंदाज आहे.

नवी औषधे शोधावीत, हे उत्तर सोपे वाटते. परंतु येथे बाजारपेठेचा नियम आड येतो. नवे प्रतिजैविक जितके मोलाचे, तितके ते राखून वापरावे लागते. आणि जे राखून वापरायचे ते खपणार किती? अमेरिकेतील अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिन या औषधाला 2018 साली मान्यता मिळाली आणि 2019 साली कंपनीने दिवाळे काढले. औषध निरुपयोगी नव्हते. त्याला गिऱ्हाईक पुरेसे नव्हते.

या पार्श्वभूमीवर एका वेगळ्या संशोधनाकडे लक्ष द्यावयास हवे. हे संशोधन आहे प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या विद्युतभारित बहुवारिकांचे. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. प्लास्टिक हे त्याचे परिचित रूप. काही साखळ्यांतून वीज वाहू शकते, हे शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी 1977 साली दाखविले आणि 2000 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा साखळीला विद्युतभारित गट जोडले की ती पाण्यात विरघळते, हे हीगर आणि वूडल यांच्या गटाने 1987 साली सिद्ध केले. पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाला जीवसृष्टीचे दार उघडते.

माळेतील एक दिवा

जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सारी माळ अंधारते. या बहुवारिकांचे काहीसे तसेच आहे. प्रकाश पडला की साखळी चमकते. शोषलेली ऊर्जा साखळीभर फिरत असते. विरुद्ध भाराचा एखादा विशिष्ट रेणू तिला कोठेही चिकटला, तर साखळीचा मोठा भाग मालवतो. 1999 साली व्हिटन, वूडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, सुट्या रेणूच्या मानाने साखळीची ही संवेदनक्षमता दशलक्षपटींहून अधिक वाढते. अत्यल्प जैविक द्रव्याचा सुगावा लावण्यास याहून सोयीचे साधन कोणते?

आता मारण्याचा प्रकार. जीवाणूंच्या आवरणावर ऋणभार असतो. म्हणून धनभारित साखळी त्याला जाऊन बिलगते. प्रकाश पडताच ती आपली ऊर्जा जवळच्या प्राणवायूला देते आणि त्याचे अतिशय क्रियाशील रूप तयार होते. ते क्षणजीवी असते, परंतु तेवढ्या क्षणात जंतूचे आवरण, प्रथिने, जनुकद्रव्य यांपैकी जे समोर येईल ते जाळते. औषध बहुधा एकाच कुलुपावर घाव घालते. येथे घरालाच आग लागते. त्यामुळे प्रतिकार निर्माण होणे अधिक कठीण असावे, अशी अपेक्षा आहे. मूळ तत्त्व जुने आहे. म्युनिक येथे राब या विद्यार्थ्याने रंगद्रव्य आणि प्रकाश एकत्र आल्यास सूक्ष्मजीव मरतात, हे 1900 साली नोंदविले होते. बहुवारिकांचा हा गुण व्हिटन यांच्या गटाने 2005 साली मांडला, आणि 2020 साली न्यू मेक्सिको विद्यापीठातील संशोधकांनी करोना विषाणूवरही तो प्रयोगशाळेत पडताळून पाहिला.

खर्च कोणी सोसावा?

तथापि अवास्तव आशा बाळगणे योग्य नव्हे. प्रकाश शरीरात खोल पोचत नाही. म्हणून रक्तातील संसर्गावर हा उपाय चालणार नाही. त्याचे क्षेत्र म्हणजे रुग्णालयातील पृष्ठभाग, कापड, पाणी, उघडी जखम. जे जंतूंना जाळते ते मानवी पेशींनाही इजा करू शकते, म्हणून कसून चाचण्या हव्यात. शिवाय अशा साखळ्या जोडताना पॅलॅडियमसारखा महाग धातू उत्प्रेरक म्हणून वापरावा लागतो.

खरा प्रश्न हिशेबाचा आहे. एका रुग्णालयाने असे कापड विकत घेतले, तर खर्च त्याचा. पण टळलेल्या संसर्गाचा लाभ साऱ्या गावाचा. अशा व्यवहारात प्रत्येक जण दुसऱ्याने खर्च करावा याची वाट पाहतो आणि अखेर कोणीच करीत नाही. ब्रिटनने 2022 साली दोन प्रतिजैविकांसाठी विक्रीच्या प्रमाणात नव्हे, तर ठराविक वार्षिक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली, ती याच कारणाने. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. पेनिसिलिन केवळ बाजारावर सोडता येणार नाही, हे ओळखूनच 1954 साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

आजार झाल्यावर उघडणारी थैली आजार टाळण्यासाठी मात्र उघडत नाही, ही समाजाची जुनी खोड आहे. प्रयोगशाळेने प्रकाशाला शस्त्र बनविण्याची वाट दाखविली आहे. ते शस्त्र सामान्य रुग्णालयाच्या वॉर्डापर्यंत पोचेल की नाही, हे रसायनशास्त्र नव्हे, अंदाजपत्रक ठरवील.