सूर्याची वीज आणि चिखल्याचे मँगनीज

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव आहे. तुमसरहून तिरोडीकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या परिसरात गोबरवाही, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग ही गावे आहेत आणि त्या साऱ्या पट्ट्याची ओळख या काळ्या दगडानेच झालेली आहे. इंग्रजांच्या काळात सुरू झालेला हा उद्योग १९६२ साली सरकारी सहभागाच्या कंपनीकडे आला. तीच आजची मॉईल होय. तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे.

सौरऊर्जेवरील लेखात खाणीचे वर्णन कशासाठी, असे वाचकांना वाटेल. जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी सुमारे नऊ दशांश पोलादाच्या निर्मितीत खर्च होते. छपरावरील सौरपट्ट्या ज्या सांगाड्यावर उभ्या राहतात तो बहुधा पोलादाचाच असतो. डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज डायऑक्साइड पूर्वीपासून टॉर्चच्या सेलसाठी वापरले जाते आणि दिवसाची वीज रात्रीसाठी साठवणाऱ्या लिथियम बॅटरीच्या काही प्रकारांतही मँगनीज लागते. म्हणजे ज्या विजेला आपण स्वच्छ म्हणतो तिच्याही मुळाशी कुणी तरी जमिनीखाली उतरलेले असते. जानेवारी २०२५ मध्ये चिखल्याच्या भूमिगत खाणीत छत कोसळून कामगारांना प्राण गमवावे लागले. स्वच्छ ऊर्जेचा हिशेब मांडताना त्यांच्या कुटुंबांना वगळता येणार नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस महोदयांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचे दुःख आणि गोरगरिबांचे दुःख यांची एकत्रच दखल घेतली होती. व्हॅटिकनने कृतीची सुरुवात त्याआधीच केली होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २००८ मध्ये, पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावरील सुमारे २,४०० सौरपट्ट्यांतून वीज मिळू लागली. पुढे जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'फ्रातेल्लो सोले' म्हणजे 'बंधू सूर्य' या शीर्षकाचे पत्र काढून रोमजवळील सांता मारिया दी गलेरिया येथे मोठा सौर प्रकल्प उभारण्याचा आदेश दिला. शीर्षकामागे अर्थातच असिसीकर संत फ्रान्सिस आहेत. या प्रकल्पातून संपूर्ण व्हॅटिकन राज्याची विजेची गरज भागावी असा हेतू असून, पट्ट्यांच्या जोडीने त्याच जमिनीवर शेतीही चालू राहावी अशी त्याची योजना आहे. आपल्याकडे हा शेतीचा मुद्दा कळीचा आहे, त्याकडे पुढे वळू.

प्रथम घराच्या छपराचा विचार करू. एक किलोवॉटच्या संचाला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आतबाहेर वीज मिळते. पट्ट्यांचे तोंड दक्षिणेकडे असावे. विदर्भात ऊन मुबलक, तेव्हा मे महिन्यात सर्वांत जास्त वीज मिळत असेल असा समज आहे. परंतु पट्टी तापली की तिची क्षमता घटते. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण तीन ते पाच दशसहस्रांशाची नव्हे, तर अर्ध्या टक्क्यापर्यंतची घट धरली जाते. त्यामुळे पंचेचाळीस अंशांच्या दुपारपेक्षा फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ ऊन अधिक लाभदायक ठरते. खाणीच्या परिसरात धुळीचाही विचार करावा लागतो. पट्ट्या पहाटे, त्या थंड असताना धुवाव्यात. भर उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. महावितरणच्या वाहिनीला जोडलेला, बॅटरी नसलेला संच वीज गेली की आपोआप बंद पडतो. वाहिनीवर काम करणाऱ्या लाइनमनला छपरावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. भारनियमनातही दिवे लागतील या आशेने पैसे भरलेल्या घरधन्याची निराशा होते, आणि विक्रेते ही गोष्ट क्वचितच आधी सांगतात. रात्रीचा प्रकाश हवा असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तीन वा अधिक किलोवॉटसाठी एकूण ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो, विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो आणि अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. 'अनुदान मिळवून देतो, आधी एवढे द्या' असे म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा. (नागपूरकडे 'सोलार' म्हटले की अनेकांना खाणींसाठी स्फोटके बनविणारी प्रसिद्ध कंपनी आठवते. तिचा या सौरपट्ट्यांशी गोंधळ करू नये.)

चर्च, शाळा व वसतिगृह यांना हे घरगुती अनुदान मिळत नाही. तरीही त्यांचा हिशेब जमू शकतो. चर्चचा वापर मुख्यतः रविवारी, पण शाळेचे पंखे नेमके उन्हाच्या वेळी चालतात. नेट मीटरमुळे जादा वीज वाहिनीत जाते व बिलातून वजा होते. मात्र ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटांचा मोबदला अल्प दराने मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसविण्यात शहाणपण नाही.

भंडारा हा धानाचा जिल्हा. येथील शेतकऱ्याला वर्षानुवर्षे रात्रीच्या विजेवर ओलीत करावे लागले, आणि रात्री बांधावर साप, रानडुक्कर, जंगलालगत वाघ. दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. यात गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्यातील वीज कृषिपंपांना दिली जाते. खाजगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. हा व्यवहार अनेकांना लाभदायक आहे.

परंतु प्रकल्पांसाठी गायरानेही घेतली जातात. सातबारावर ती सरकारी जमीन असली तरी भूमिहीनाची शेळी तिथेच चरते आणि कुणाची सरपणाची मोळीही तिथलीच असते. भाड्याचा करार होतो तेव्हा या माणसाची सही कुठेच नसते. धुळे जिल्ह्यातील विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी खेटे घातले, आणि अखेर जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्राशन केले. काही दिवसांत त्यांचा अंत झाला. सौर कंपनी गावात आली की ग्रामसभेत जमिनीचा सर्व्हे क्रमांक, गुरांची पर्यायी चराई आणि स्थानिकांना मिळणारे काम हे तीन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत, आणि उत्तरे ठरावात लिहून घेतली पाहिजेत. आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित तरुणांनी हे कागद वाचून दाखविण्याची सेवा करावी, अशी सूचना करावीशी वाटते.

ज्या धर्मग्रामांना आपल्या वास्तूवर संच बसवायचा असेल त्यांनी प्रथम गेल्या बारा महिन्यांची वीजबिले एकत्र करावीत आणि पालकीय मंडळासमोर ठेवावीत. जुन्या चर्चचे छप्पर कौलारू असल्यास अभियंत्याकडून वाशांची तपासणी करून घ्यावी. ते भार पेलणारे नसल्यास शाळेची गच्ची निवडावी. दरपत्रके किमान तीन विक्रेत्यांकडून मागवावीत आणि देखभाल किती वर्षे, कोण करणार, हे त्यात लेखी असल्याची खात्री करून घ्यावी.