एंडोस्कोपी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल. मग रक्त जातंय कुठून?

तारापूर एमआयडीसीत पाळीवर काम करणारा पस्तिशीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. जिना चढताना दम लागतो, चेहरा पांढुरका पडलाय. तपासणीत हिमोग्लोबिन ७ निघते. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, आकडा थोडा वर चढतो, पुन्हा घसरतो. मध्येच दोन दिवस शौचाला डांबरासारखे काळे होते आणि आपोआप थांबते. तोंडातून दुर्बीण घालून पाहिले, गुदमार्गातून घालून पाहिले. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढचा तपास तिथेच थांबतो.

खरे तर त्या ‘नॉर्मल’चा अर्थ मर्यादित आहे. दुर्बीण जिथवर पोहोचली तिथवर, त्या दिवशी, काही दिसले नाही, एवढाच.

मधले सहा मीटर

तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. गुदमार्गातून घातलेली मोठे आतडे पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जेमतेम स्पर्श करते. मध्ये सुमारे सहा मीटर लांबीचे, वेटोळे घातलेले आतडे उरते. पचनमार्गातून रक्तस्राव होणाऱ्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्के जणांमध्ये स्रावाची जागा या मधल्या भागात असते. काही वेळा तर दोष आतड्यात नसतोच. रक्त यकृतातून किंवा स्वादुपिंडातून येऊन आतड्यात पडत असते.

पालघर जिल्ह्यात असा रुग्ण निसटायला आणखी एक कारण आहे. इथे रक्तक्षय इतका सर्रास दिसतो की त्याचे वेगळे कारण शोधायचे कोणाच्या मनातच येत नाही. आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे, कुपोषण आहे. अनवाणी चालणाऱ्यांच्या आतड्यात अंकुशकृमी शिरतो आणि थेंबाथेंबाने रक्त पितो. त्यामुळे ‘रक्त कमी आहे, गोळ्या घ्या’ हे वाक्य ठरलेले. त्यात लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणजे गोंधळात भर. फरक साधा आहे: गोळ्यांमुळे झालेले शौच काळपट असले तरी घट्ट असते, रक्तामुळे झालेले चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचे असते.

चोर घरात असतानाच दिवा लावावा लागतो

अशा वेळी वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा कामी येतात. पण कोणती तपासणी करायची हे रक्त किती वेगाने जाते आहे यावर ठरते, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही.

सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून रंगद्रव्य सोडतात आणि ते धमन्यांत पोहोचते त्या काही सेकंदांत पोटाचे चित्र घेतात. थोड्या वेळाने पुन्हा घेतात. पहिल्या चित्रात आतड्याच्या पोकळीत पांढरा ठिपका दिसला आणि दुसऱ्यात तो पसरलेला दिसला, तर रक्त तिथेच गळते आहे. यासाठी स्राव मिनिटाला साधारण ०.३ ते ०.५ मिलिलिटर तरी हवा. ०.५ हा आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाचा हिशेब केला तर पाऊण लिटरच्या जवळ जातो. स्राव थांबल्यावर हीच तपासणी केली तर गळती दिसणार नाही. पैसे गेले, किरणोत्सर्ग झाला आणि हाती पुन्हा ‘नॉर्मल’.

म्हणूनच बोईसरच्या रुग्णासाठी अंतर हा आजाराइतकाच मोठा प्रश्न ठरतो. मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. रात्री काळे शौच झाले, सकाळची लोकल धरली, ओपीडीत नंबर लागला, दोन दिवसांनंतरची तारीख मिळाली. तोवर रक्त थांबलेले असते.

स्राव संथ, थांबत थांबत होणारा असेल तर कॅप्सूल एंडोस्कोपी जास्त उपयोगी. मोठ्या गोळीएवढा कॅमेरा गिळायचा. तो आठ-दहा तास आतड्यातून पुढे सरकत हजारो फोटो पाठवतो. हा कॅमेरा २००० साली जगासमोर आला. लहान आतड्यातल्या फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्या, वेदनाशामक गोळ्यांनी पडलेले व्रण, अगदी भिंतीला चिकटलेले अंकुशकृमीसुद्धा त्यात दिसतात. हीदेखील स्राव झाल्यानंतर एक-दोन दिवसांत केली तर कारण सापडण्याची शक्यता वाढते. मात्र आतडे कुठे आकसलेले असेल तर कॅप्सूल अडकते. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आहे, त्यामुळे डॉक्टर अनेकदा आधी आतड्याचा सीटी करून घेतात. तो वेळकाढूपणा नसतो.

अपघात बरा झाला, मग रक्त का?

काही दुर्मीळ कारणे अशी की रुग्णाने जुनी हकीकत सांगितल्याशिवाय ती सुचतच नाहीत.

समजा, चिल्हार फाट्याजवळ मोटारसायकल घसरली, उजव्या बरगडीखाली मार लागला आणि माणूस चार दिवसांत घरी आला. दोन-तीन आठवड्यांनी पोटात कळा येऊ लागतात, डोळे पिवळे होतात आणि शौच काळे. यकृतातल्या जखमी धमनीला फुगा आलेला असतो आणि तो पित्तनलिकेत फुटून रक्त आतड्यात उतरते. याला हिमोबिलिया म्हणतात. स्वीडनचे शल्यविशारद फिलिप सँडब्लोम यांनी १९४८ मध्ये हे नाव रूढ केले. तिन्ही लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. स्वादुपिंडाला वारंवार सूज येणाऱ्यांत, विशेषतः दारूमुळे, असाच फुगा प्लीहेच्या धमनीवर येतो आणि रक्त स्वादुपिंडाच्या नलिकेतून थेंबाथेंबाने येते. या दोन्ही आजारांत सीटी अँजिओग्राफीचा मोठा फायदा असा, की गळती थांबलेली असली तरी धमनीवरचा फुगा दिसतो.

मग मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी त्या जागेपर्यंत नेतात आणि धातूची बारीक वेटोळी सोडून ती वाट बंद करतात. पोट उघडावे लागत नाही.

तारापूरचा अणू आणि पोटातला अणू

लहान मुलांचे वेगळे आहे. दोन वर्षांचे मूल, पोट दुखत नाही, रडत नाही आणि लंगोट विटकरी रंगाच्या रक्ताने भरतो. इथे पहिला संशय मेकेलच्या पिशवीवर जातो. गर्भात असताना नाळेकडे जाणाऱ्या नळीचा राहून गेलेला हा तुकडा. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिख मेकेल यांनी १८०९ मध्ये त्याचे वर्णन केले. साधारण दोन टक्के लोकांत ती असते आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. काहींच्या पिशवीत मात्र जठराचे अस्तर असते. ते तिथे आम्ल तयार करते आणि शेजारचे आतडे भाजून निघते.

ही पिशवी शोधायला टेक्निशियम-९९एम नावाचे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. जठराचे अस्तर ते शोषून घेते. त्यामुळे गॅमा कॅमेऱ्यात जठर उजळते आणि त्याच वेळी बेंबीच्या आसपास किंवा उजवीकडे खाली आणखी एक ठिपका उजळला, तर तिथे नसायला हवे असलेले अस्तर आहे. या तपासणीला रक्त वाहत असण्याची वाट पाहावी लागत नाही. मुलांत ती चांगली चालते. मोठ्यांत मात्र बऱ्याचदा फसते.

हेच द्रव्य रुग्णाच्या तांबड्या पेशींना चिकटवून परत शरीरात सोडले, तर मिनिटाला ०.१ मिलिलिटरइतका मंद स्रावही पकडता येतो आणि २४ तासांत पुन्हा पुन्हा चित्र घेता येते. जागा मात्र ढोबळ कळते. गाव समजले, घर नंबर नाही.

तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले देशातले पहिले अणुवीज केंद्र आठवते. तिथे वीज बनते, हे औषध नाही. टेक्निशियमचा पुरवठा करणाऱ्यांत अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही वाशीतली संस्था महत्त्वाची आहे. टेक्निशियम-९९एम सहा तासांत निम्मे होते, म्हणजे एका दिवसात सोळावा हिस्सा उरतो. ते साठवणार कसे? उपाय नामी आहे. रुग्णालयात ६६ तासांनी निम्मे होणारे मॉलिब्डेनम-९९ एका शिसे लावलेल्या डब्यात पाठवतात. त्यातून टेक्निशियम तयार होत राहते आणि तंत्रज्ञ रोज ते काढून घेतात. त्या कामाला इंग्रजीत खरोखरच ‘धार काढणे’ अशा अर्थाचा शब्द आहे आणि डब्याला गाय म्हणतात.

किरणांची भीती तारापूरकरांना कोणी नव्याने सांगायला नको. इथे मात्र मात्रा थोडी असते आणि द्रव्य एक-दोन दिवसांत जवळपास संपते. गर्भारपण किंवा स्तनपान सुरू असेल तर मात्र आधीच सांगायचे.

जाताना पिशवीत काय हवे?

चक्कर, घाम, छातीत धडधड किंवा भरपूर लाल रक्त असेल तर मुंबईचा विचार नंतर. १०८ ला फोन करून आधी जवळचे रुग्णालय गाठायचे, कारण रक्तदाब सावरल्याशिवाय पुढचा प्रवास धोक्याचा असतो. तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात फोन करून ‘रक्त आत्ता जाते आहे’ हे कळवले, तर सीटी पोहोचल्या पोहोचल्या होऊ शकतो.

बाकीच्यांनी शौचाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा, तारखेसह. किळस वाटते, पण डॉक्टरला तो रंग तोंडी सांगण्यापेक्षा लवकर कळतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुना क्रिएटिनिनचा रिपोर्ट (सीटीचे रंगद्रव्य मूत्रपिंडातून जाते), जुन्या अपघाताचे आणि शस्त्रक्रियेचे कागद, आणि आधीच्या सीटीची फक्त छापील पाने नव्हेत, तर सीडीही. पहिल्यांदा निसटलेला धमनीवरचा फुगा त्याच जुन्या सीडीत, दुसऱ्या डोळ्यांना, दिसल्याची उदाहरणे रेडिओलॉजीत नवी नाहीत.