टाळ खाली ठेवल्यानंतर

सुरतेच्या मुख्य रेल्वेमार्गापासून उधन्याला भुसावळचा फाटा सुटतो. या रुळांच्या आसपास लिंबायत, नवागाम, डिंडोली हा पट्टा पसरला आहे. इथल्या गल्ल्यांतून गुजरातीच्या बरोबरीनं अहिराणी ऐकू येते. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं लूमची खाती, रंगाई-छपाईच्या मिला आणि रिंग रोडची साडी मार्केटं यांच्या ओढीनं पिढ्यान्‌पिढ्या याच मार्गानं येत राहिली. बारा बारा तासांच्या पाळ्या, भाड्याची खोली, घरात धागा कापत किंवा साडीला टिकल्या चिकटवत बसलेल्या बाया, दिवाळीला आणि लग्नसराईत गावाकडे धाव. महापालिका इथं मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. आणि एकादशीच्या संध्याकाळी टाळ-पखवाज बाहेर निघतात.

या टाळ-पखवाजाकडे मी मनाच्या आरोग्याच्या अंगानं बघतो आहे. नवागामसारख्या वस्तीत मन बिघडलेल्या माणसाला पहिला आधार डॉक्टर देत नाही, शेजारी देतो. तो शेजारी कुठे भेटतो, हा माझ्या लेखी कळीचा प्रश्न आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत २६.४ टक्के माणसं रोजंदारीवर जगणारी होती. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. गुजरात त्या बारांत होता. उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. कामगारवस्तीत या आकड्यांचा अर्थ साधा असतो. झोप उडते, छातीत धडधडतं, कामावर हात चालत नाही. माणूस मेडिकलमधून गोळी आणतो, एखादा भगताकडे जातो, एखादा राज्यात दारूबंदी असूनही दारू शोधतो. ‘टेन्शन आलंय’ या दोन शब्दांत सगळं गुंडाळून पुन्हा पाळीवर उभा राहतो.

आता भजनी मंडळात काय घडतं ते बारकाईनं पाहू. एकजण चाल धरतो, बाकीचे ध्रुवपद उचलतात. नवख्याला पहिल्या दिवशी गायला कोणी सांगत नाही, हातात टाळ देतात. तो चुकला तरी चालतं, कारण पखवाजाची थाप त्याला आपसूक रांगेत आणते. लांब चरण म्हणताना श्वास लांबवावा लागतो आणि सगळ्यांचा श्वास एकाच जागी तुटतो. तुझं काय बिनसलंय, हे त्याला कोणीही विचारलेलं नसतं. तरी तासाभरानं तो वीस माणसांच्या ओळखीचा झालेला असतो. पुढच्या दोन-तीन एकादश्या चुकल्या, तर कुणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन हाक मारतं. गाव सोडून आलेल्या माणसासाठी ही हाक फार मोठी गोष्ट आहे.

गाण्यातून येणाऱ्या या जवळिकीला इंग्लंडमधल्या एका अभ्यासानं दुजोरा दिला. आयलूनेड पिअर्स, जॅक लाउने आणि रॉबिन डनबार यांनी प्रौढांच्या नव्या वर्गांचा सात महिने मागोवा घेतला. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे आणि लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांत जवळीक आली, पण गाणाऱ्यांमध्ये ती फार लवकर आली. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आयांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटानं एकत्र गायलं, दुसऱ्यानं बाळांसह एकत्र खेळ केले, तिसऱ्याला नेहमीची काळजी मिळाली. ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती, त्यांच्यात गाणाऱ्या आया लवकर सावरू लागल्या. ही नोंद २०१८ ची. ‘लवकर’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. गाणं आजार बरा करतं असा दावा कोणीही करू नये. परक्या माणसांमधलं अंतर ते लवकर कमी करतं, आणि पुढच्या सगळ्या मदतीला त्याचाच उपयोग होतो.

आपल्या बायकांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. हेमा राईरकर आणि गी पोतवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, मेलेलं मूल, दारुडा नवरा, आईची आठवण, सगळं त्यांत आहे. उघड बोललं तर घरात भांडण झालं असतं. ओवीत म्हटलं की ते गाणं होई, आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली बाई पुढची ओवी जोडून देई. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात आणि दुःखही दोघींचं. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची कविता याच घरकामाच्या आणि शेताच्या लयीत जन्मली. पिठाची गिरणी आली, जातं गेलं. त्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसण्याची ती वेळही गेली, आणि शहरातल्या एका खोलीच्या संसारात ती परत आलेली नाही.

इथवर सगळं गोड वाटतं. पण मंडळात जे घडत नाही तेही सांगायला हवं. टाळ खाली ठेवले की चहा होतो आणि माणसं घरी जातात. बोलणं सुरू झालं तरी पहिला सल्ला ठरलेला असतो: देवाचं नाव घे, सगळं नीट होईल. हा सल्ला प्रेमानं दिलेला असतो, तरी त्यामुळे गोळ्या सुटतात आणि माणूस पुन्हा आजारी पडतो. ऐकलेलं पोटात ठेवण्याची शिस्त नसते, दुसऱ्या दिवशी गल्लीला कळतं. मंडळं बरीचशी पुरुषांची. ज्याला कानात आवाज ऐकू येतात किंवा ज्याची देवावर श्रद्धा नाही, त्याला तिथं अवघडल्यासारखं होतं. थोडक्यात, जवळीक आहे पण ऐकून घेण्याचं शिक्षण नाही.

ते शिक्षण देता येतं, हे नवागामपासून फार दूर नसलेल्या एका तालुक्यात दिसलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या नाशिकच्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प चालवला. गावातलीच, लोकांचा विश्वास असलेली माणसं निवडली, त्यांना खिन्न माणूस ओळखायला, न टोकता ऐकायला आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे किंवा सरकारी योजनेकडे न्यायला शिकवलं. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात ६४५ गावांत टप्प्याटप्प्यानं हीच पद्धत रीतसर तपासली गेली. ज्यांना असा आधार मिळाला त्यांच्यात सावरणाऱ्यांचं प्रमाण अधिक निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या चांगल्या सेवांमध्ये गुजरातच्या आत्मीयतेची नोंद घेतली. हे स्वयंसेवक शेतकरी होते, गृहिणी होत्या. मंडळातला विणेकरी किंवा हरिपाठ घेणारी एखादी मावशी ते काम का करू शकणार नाही?

स्वतः तशाच आजारातून गेलेल्या माणसाचा आधार ही पुढची पायरी. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथं पुढच्यांना हात देतात, आणि रुग्णांच्या बायकांचा ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. नवऱ्याच्या दारूचं ओझं वाहणाऱ्या बाईला दुसऱ्या अशाच बाईनं दिलेला धीर डॉक्टरला देता येत नाही.

खानदेशी माणसाला जवळचं वाटेल असं नाव डॉ. जगन्नाथ वाणी यांचं. मूळचे धुळ्याकडचे वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. पुण्यातल्या अशा स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. याच आजारावरच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटामागेही त्यांची मदत होती. हेच वाणी कॅल्गरीत भारतीय संगीताच्या मैफली भरवणाऱ्या रागमाला संस्थेचे संस्थापक. परदेशात एकटं पडलेल्या माणसांना सूर एकत्र बसवतात, हे त्यांनी अनुभवलं असणार असं मला वाटतं.

गाणं आणि समदुःखींचा आधार या दोन्ही गोष्टी जोडण्याचं उदाहरण आफ्रिकेतल्या गांबियात आहे. तिथं मूल न होणाऱ्या किंवा मुलं दगावलेल्या बायकांचे ‘कान्येलेंग’ नावाचे परंपरागत गट आहेत. त्या गातात, नाचतात. संशोधकांनी त्यांनाच सोबत घेऊन गरोदर बायकांसाठी सामूहिक गाण्याच्या बैठका घेतल्या आणि चिंता-नैराश्याची लक्षणं कमी होताना पाहिली. बाहेरून संगीतोपचारक नेला नाही. गाणं त्यांचं, दुःखही त्यांचंच.

नवागामात असं जमायला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिली वेळेची. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, तेव्हा पखवाज गल्लीत वाजवून भागणार नाही. बायांना दुपारची, कामातून सुटलेली वेळ सोयीची. त्यांच्याकडे खानदेशच्या कानबाई देवीची गाणी आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद रोटाला जमतात, बाया रात्र जागवतात. ही गाणी वर्षातून एकदाच का गायची? महिन्याला एक बैठक, आधी गाणं, मग ज्या थांबतील त्यांनी बोलायचं आणि ऐकलेलं खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढा नियम सुरुवातीला पुरेल. जिला बोलायचं नाही तिनं गाऊन घरी जावं. बोलण्याची सक्ती झाली तर गाणाऱ्याही येणं सोडतील.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. सुरतेच्या स्मीमेर आणि नवी सिव्हिल या दोन्ही सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र तणाव गृहीत धरला आहे. त्याला शिक्षा न करता उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. पोलिसांच्या धाकानं लपवाछपवी करणाऱ्या घरांना हे कोणीतरी नीट समजावून सांगितलं पाहिजे. आणि केसपेपरच्या रांगेत सोबत कोणीतरी लागतं. ‘जीव घाबरस’ म्हणणाऱ्या म्हातारीला गुजराती बोलणाऱ्या तरुण डॉक्टरसमोर एकटीनं बसवू नये. मंडळातल्या एखादीनं त्या दिवशीची मजुरी बुडवून तिच्याबरोबर जावं, आणि बुडालेली मजुरी मंडळाच्या वर्गणीतून द्यावी. भंडाऱ्यासाठी वर्गणी जमतेच, तिच्यातून एवढा हिस्सा काढायला हरकत नाही.