लोकरीची कसर आणि डांबराच्या गोळ्या

दिवाळी उलटली की आपल्याकडे पहाटेचा गारठा जाणवू लागतो. मग माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते. वर्षभर घडी करून ठेवलेले ब्लँकेट उलगडावे तर मधोमध चार भोके. आजोबांची शाल चाळणीसारखी झालेली. "कसर लागली" म्हणून घरातली मंडळी हळहळतात आणि त्याच दिवशी बाजारातून डांबराच्या गोळ्यांची पुडी घरी येते. पुढच्या वर्षी त्याच पेटीतून निघालेले लोकरी टोपडे आणि दुपटे घरातल्या नव्या बाळाच्या अंगावर चढते.

येथेच थोडे थांबायला हवे. कसर कपड्याचे नुकसान करते. गोळी मात्र एखाद्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

कसर म्हणजे काय?

आपण दोन निरनिराळ्या किड्यांना कसर म्हणतो. पुस्तके, कागद आणि खळ दिलेले सुती कपडे खाणारा, चंदेरी रंगाचा, बिनपंखी, सुळकन पळणारा किडा एक. लोकर खाणारी कसर वेगळी. ती एका लहानशा पिवळट पतंगाची अळी असते. हा पतंग बसला असता जेमतेम पाऊण सेंटिमीटर लांबीचा दिसतो. दिव्याभोवती फिरणारे पतंग ते हे नव्हेत. याला उजेड आवडत नाही. पेटी उघडताच तो अंधाऱ्या कोपऱ्यात पळतो.

गंमत अशी की पतंग स्वतः काहीच खात नाही. मादी लोकरीच्या घडीत चाळीस-पन्नास अंडी घालते. उन्हाळ्यात आठवड्याभरात, थंडीत दोन-तीन आठवड्यांत त्यातून पांढऱ्या अळ्या निघतात आणि खाण्याचे काम त्याच करतात. लोकर, केस, पिसे यांत केराटिन नावाचे प्रथिन असते. ते पचवण्याची ताकद फार थोड्या प्राण्यांत आहे, त्यांपैकी ही अळी एक. म्हणून स्वेटर, शाल, घोंगडी आणि लोकरी गालिचा हे तिचे अन्न. मळलेले रेशीमही ती सोडत नाही. तेव्हा आरमोरीकडचे कोशाचे पातळ कपाटात असेल तर त्यालाही जपावे. सुती गोधडी, चादर, सतरंजी यांना तिच्यापासून सहसा भय नाही.

एक खूण लक्षात ठेवावी. घामाचा, दुधाचा, जेवणाचा किंवा लघवीचा डाग जेथे असेल तेथे अळी आधी खाते. नुसत्या लोकरीवर तिचे नीट पोषण होत नाही, डागांतून तिला हवी ती जीवनसत्त्वे मिळतात. स्वच्छ धुतलेला कपडा तिच्या दृष्टीने नीरस असतो.

ही कसर माणसाला चावत नाही आणि कोणताही रोग पसरवत नाही. जुन्या गालिच्याच्या धुळीने दम्याच्या रोग्याला त्रास होऊ शकतो, एवढेच. म्हणजे आरोग्याचा खरा प्रश्न किड्याचा नाही, त्याच्यावरच्या उपायाचा आहे.

गोळीत काय असते?

पांढरी डांबरगोळी बहुधा नॅफ्थलीनची असते. दगडी कोळशाच्या डांबरापासून हा पदार्थ मिळतो, म्हणून ते नाव. गोळी वितळत नाही, तिची सरळ वाफ होते. पेटीत ठेवलेली गोळी काही महिन्यांत नाहीशी होते ती अशी. आपल्याला जो उग्र वास येतो तीच ही वाफ. घट्ट बंद पेटीत ती दाटली तरच अळ्या मरतात. फटी असलेल्या कपाटात किंवा रोज उघडणाऱ्या कप्प्यात अळ्या खुशाल जगतात आणि वाफ घरातली माणसे हुंगत राहतात. त्याने डोके दुखणे, मळमळणे असा त्रास होतो. युरोपीय संघाने अशा गोळ्यांतला नॅफ्थलीनचा वापर २००८ साली बंद केला.

आपल्या भागात काही जण साप येऊ नये म्हणून दाराशी किंवा खाटेखाली या गोळ्या टाकतात. त्याने साप अडत नाही. लहान मूल मात्र ती गोळी खडीसाखर समजून तोंडात घालते.

कोणाला धोका अधिक?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारे जी-६-पीडी नावाचे एक द्रव्य शरीरात असते. काही लोकांत ते जन्मतःच कमी असते. हा दोष आईकडून मुलाला येतो आणि मुलग्यांत अधिक दिसतो. जेथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता त्या भागात तो जास्त आढळतो, आणि गडचिरोली-चंद्रपूरचा जंगलपट्टा तसाच आहे. एरवी अशा माणसाला काहीही त्रास नसतो. परंतु नॅफ्थलीन शरीरात गेले की एक ते तीन दिवसांत त्याच्या तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. चेहरा पांढरा पडतो, डोळे पिवळे होतात, दम लागतो आणि लघवी काळ्या चहासारखी होते.

नवजात बाळाची गोष्ट याहून नाजूक. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळल्यामुळे बाळांना तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ही कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. नॅफ्थलीन श्वासावाटे जाते तसे कातडीतूनही जाते, आणि अंगाला तेल लावलेले असेल तर अधिक शिरते. आपल्याकडे बाळाला तेल चोळून, शेकून, लोकरी कपड्यात गुंडाळण्याची रीत आहे. म्हणून ही गोष्ट प्रत्येक आजीने ध्यानात ठेवावी.

जी-६-पीडीचा दोष आणि सिकलसेल हे दोन वेगळे आजार आहेत. सिकलसेलची तपासणी झाली म्हणजे याचीही झाली असे नव्हे. ज्याच्यात हा दोष आहे त्याला मलेरियाच्या प्रायमाक्वीन गोळीनेही असाच त्रास होऊ शकतो. घरात कोणाला औषधानंतर काळी लघवी झाली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मग कसर घालवायची कशी?

१. थंडी संपल्यावर लोकरी कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच पेटीत ठेवावेत. एकदाच घातला म्हणून न धुता घडी करू नये.

२. आपले ऊन हे फुकटचे औषध आहे. एप्रिल-मे महिन्यांत ब्लँकेट व घोंगडी उन्हात पसरावी, उलटसुलट करावी, काठीने झटकावी आणि ब्रशने घासावी. अंडी आणि अळ्या गळून पडतात. पन्नास अंशांवरची उष्णता तासभर मिळाली तर त्या मरतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कपडा बांधून भर दुपारी उन्हात ठेवल्यास एवढी उष्णता मिळते. कोशाचे व रंगीत रेशमी वस्त्र मात्र सावलीतच वाळवावे, नाही तर रंग उडतो.

३. पेटी रिकामी करून कोपरे, सांधे आणि कपाटाच्या फटी पुसून घ्याव्यात. गालिचा असल्यास त्याच्या कडा आणि पलंगाखालचा भाग दर आठवड्याला झाडावा. अळ्या बहुधा तेथेच असतात.

४. कौलांत किंवा छताला पाखरांची जुनी, सोडून दिलेली घरटी असतील तर ती काढावीत. त्यांतली पिसे खाऊन हे पतंग वाढतात आणि तेथून घरात येतात.

५. धुतलेले कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. पतंग आत जाऊ शकला नाही तर कसर लागणार नाही. दोन महिन्यांनी एकदा उघडून पाहावे.

कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायला हरकत नाही, पण त्याने आधीच लागलेली कसर मरत नाही. कापूरही निर्धोक समजू नये. मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात.

गोळ्या आधीच वापरल्या असतील तर

असे कपडे धुऊन, अनेक दिवस उन्हावाऱ्यात ठेवून, वास पूर्ण गेल्यावर मोठ्यांनी वापरावेत. तान्ह्या बाळाला ते देऊच नयेत. त्याच्यासाठी धुतलेले मऊ सुती कपडे दोन-तीन थरांत पुरतात, आणि आईच्या अंगाची ऊब सर्वांत चांगली.

मुलाने गोळी गिळली तर बोटे घालून ओकारी काढू नये. दूध, तूप, तेल पाजू नये, कारण स्निग्ध पदार्थांनी विष अधिक भिनते. गोळीची पुडी सोबत घेऊन सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल हसतखेळत असले तरी न्यावे, कारण परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो.

बाळाचे तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, ते दूध ओढेनासे झाले किंवा सुस्त पडले तर उतारा, झाडफूक यांत एक तासही घालवू नये. आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटीला येतात तेव्हा त्यांना बाळाचा रंग दाखवावा आणि पेटीतले कपडेही दाखवावेत.

शाल फाटली तर रफू करता येते. यंदा पेटी उघडाल तेव्हा आधी वास घेऊन पाहा. तो डांबराचा असेल तर त्यातले टोपडे बाळाच्या डोक्यावर चढवू नका.