पुतण्याची मोटार आणि बुजलेला चर



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा आणि खतमात्रेविषयी लिहितो. या खेपेस थोडे बांधाबाहेर जातो. गळीत हंगाम आटोपल्यावर रजा काढून इंग्लंडला पुतण्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्‌स मोटार आहे, १९९६ सालची. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम दिसले आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी तयार झाली.

या गाडीत बसायचे म्हणजे विहिरीत उतरल्यासारखे उतरावे लागते. पेट्रोलच्या झाकणाचा खटका दोन बैठकांमधल्या कुलपाच्या खणात. मी पंपावर बाहेरूनच झाकण ओढत बसलो! मागची काच ही काच नव्हे, प्लॅस्टिक आहे. टप पाडण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट टाकायची. थंडीत तशीच दुमडली तर तडकते. तेलाच्या दाबाचा काटा तर अजबच. सुरुवातीच्या गाड्यांत तो खरा दाब दाखवी, पण १९९५ च्या सुमारापासून पुरेसा दाब मिळाला की मध्यावर जाऊन उभा राहतो, बस्स. पुतण्याला म्हटले, "अरे, असला काटा आमच्या गेटवर बसवला तर सभासद मला गावात फिरू देणार नाहीत."

हे सगळे गमतीचे. पण उजव्या बैठकीमागचा गालिचा ओला होता आणि आत कुजक्या पाचटासारखा वास येत होता. टप गळतो, नवा घाला, असे एका मेकॅनिकने सांगितले होते. पुतण्या पैसे जमवत होता. वार्षिक तपासणी पंधरा दिवसांवर आलेली.

मी आपला निचरा बघणारा माणूस. टपावरचे पाणी जाते कुठे, असे विचारले. ते मागच्या पन्हळीत उतरते, बैठकांमागे दोन्ही कडांना एकेक भोक आहे, तिथून नळीने मागच्या चाकापुढे खाली पडते. तांब्याभर पाणी ओतून पाहिले. डावीकडचे लगेच खाली आले. उजवीकडचे तुंबले आणि हळूहळू आत झिरपले. टप धडधाकट होता! चर बुजून ऊस पिवळा पडतो आणि आपण युरियाची पोती आणतो, तसलाच प्रकार.

पुतण्या जाड तार घेऊन आला. ती मी घालू दिली नाही; नळीला भोक पडले की पाणी कायमचे आत. पडदे अडकवायची प्लॅस्टिक आवरणाची स्प्रिंग हळूहळू फिरवली. मूठभर काळा पाला निघाला, अगदी मुरलेले खत.

खरी काळजी पुढेच होती. गालिचा उचलला तर खालचा स्पंज पाण्याने जड झालेला. दाराखालच्या पोकळ पत्र्यात पाणी साठून गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा संपलेला असतो. चाकापुढचा फोड अंगठ्याने दाबला, अंगठा आत गेला. पोराचा चेहरा पडला. तिथल्या तपासणीत सुरक्षापट्ट्याच्या जोडाभोवती ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने मजबुती गेली असेल तर गाडी नापास होते, आणि हा पत्रा त्याच हद्दीत. टपासाठी साठवलेले पैसे पत्रा कापून नवा जोडण्यात गेले. वर्षभर आधी तांब्याभर पाणी ओतले असते तर तेही वाचले असते.

तपासणीत गाडी पास झाली. आता पुतण्या दर महिन्याला, आणि पानगळीत दर रविवारी, दोन्ही भोकांत पाणी ओततो. परवा फोनवर म्हणाला, "काका, दोन्हीकडून धार चालू आहे." गिअरच्या कातडी पिशवीखालचे रबर फाटून आत गरम वाफारा येतो, ते काम मात्र अजून राहिले आहे.

— ऊस विकास अधिकारी