शेपटी ठेव

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर चरणाऱ्या हर्डविक मेंढ्यांना कुंपण लागत नाही, हे वाचून खरं वाटेना. डोंगर उघडा, त्यावर शेजाऱ्याचाही कळप, तरी जो तो आपल्या हद्दीत राहतो. ती हद्द मेंढी कोकराला सोबत हिंडवून शिकवते. तेच पाहायला एप्रिलअखेरीस, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, तिथल्याच, कंब्रियातल्या एका शेतावर गेले आणि शेडमधल्या आजींपाशीच रमले.

आजी 78 वर्षांच्या. शेत आता मुलाच्या नावावर. ‘मी आपली मदतीला असते,’ म्हणाल्या. ही मदत पहाटे चारला सुरू होते. धडधाकट मेंढ्या बाहेर कुरणातच वितात. अडलेल्या तेवढ्या आत. नाळ आयोडीनमध्ये बुडवायची, सड पिळून मोकळे करायचे, चीक पाजायचा. ‘पहिल्या 6 तासांत चीक पोटात गेला पाहिजे,’ हे मला आल्या आल्या सांगितलं. मग नातवाला दोनदा. त्या 6 तासांपायी त्यांचं जेवण उभ्याउभ्याच उरकलं.

एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं. पलीकडे एक काळं कोकरू आईविना ओरडत होतं. आजींनी चाकू काढला, मेलेल्या पिल्लाचं कातडं अंगरख्यासारखं अखंड सोललं आणि त्या पोरक्याच्या अंगावर चढवलं. रक्ताचा नि ओल्या लोकरीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मेंढीने आधी ढुशी मारली. मग शेपटीपाशी हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि घशातल्या घशात घुमू लागली. कोकरू कासेला लागलं. दोन-तीन दिवसांत तिचं दूध पिऊन त्याला तिचाच वास लागतो. मग कातडं काढून टाकतात. बघणाऱ्याला हे क्रूर वाटेल. मला तर त्या चाकूत माया दिसली.

2001 साली लाळ्या खुरकताच्या साथीत ब्रिटनमध्ये 60 लाखांहून अधिक जनावरं मारली गेली. सर्वांत जास्त तडाखा कंब्रियाला बसला. आजी त्यावर एवढंच बोलल्या, ‘मेंढ्या बाजारात मिळतात. आपला डोंगर ठाऊक असलेल्या मिळत नाहीत.’ लोकरीच्या पैशांत कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही, असं मुलगा सांगत होता. तरी एकेका कोकरासाठी ही धडपड! डोंगराची ओळख आईकडून पिल्लाकडे चालत राहते ती या शेडमध्ये पिल्लू जगलं तरच. याला मदत कसली म्हणायची? कळप आजींनीच राखलाय.

संध्याकाळी आणखी एक कोकरू दगावलं. या खेपेला आजींनी चाकू नातवाच्या हातात दिला. ‘डोकं सोड, शेपटी ठेव. ती तिथेच हुंगते.’ पोरगं ओठ आवळून कामाला लागलं. तोवर आजी दुसऱ्या मेंढीमागे गुडघे टेकून बसल्या होत्या, मनगटापर्यंत हात आत, आडवं आलेलं कोकरू फिरवत.